दुसऱ्या आल्टोची ओळ

सूचना रसायनशास्त्राच्या इमारतीत लागली होती,
"सायकल विकणे आहे" आणि "मांजर हरवले आहे" यांच्या मधोमध :
गुरुवारी संध्याकाळी सात, तळघर, खोली बारा.
संगीत शिकणाऱ्यांनी येऊ नये, त्यांची सोय वरच्या मजल्यावर.
नोटेशन वाचता येत नसेल तरी चालेल.
बूट मात्र बाहेर काढा, फरशी नुकतीच पुसलेली असते.

मी गेले ती त्या शेवटच्या ओळीमुळे.
ज्यांना फरशीची एवढी काळजी
ते माझ्या आवाजावर फार ओरडणार नाहीत, असं वाटलं.

हिल्लेबाईंनी पियानोची एक पट्टी दाबली, म्हणाल्या, हं.
मी हं केलं.
आणखी खाली. आणखी.
एका जागी आवाज रुतला,
नोव्हेंबरच्या शेतात ट्रॅक्टर रुततो तसा.
त्यांनी वहीत लिहिलं :
मारेट, पशुवैद्यक, तिसरं वर्ष. दुसरा आल्टो.
तार्तूत मी दिलेली सगळ्यात छोटी परीक्षा,
आणि एकच, जिचा निकाल मी त्याच रात्री आईला फोन करून सांगितला.

बास म्हणजे वनशास्त्राची चार पोरं, स्वेटरना भुशाचा वास.
टेनर दोनच. ओयार रस्तेबांधणी शिकतो,
विराम मोजताना ओठ हलवतो, जणू काँक्रीट वाळायची वाट बघतोय.
दुसरा कायद्याचा, कायम अर्धा सूर चढा,
आणि त्यावर वाद घालायला तयार.
सोप्रानो बहुतेक दंतवैद्यकाच्या.
"आ" लांबवताना एकमेकींच्या दाढा तपासतात.

साडेतीन मिनिटांच्या गाण्यात
माझ्या वाट्याला पाच सूर, त्यातले तीन एकच.
खोलीवर सराव करायचे तेव्हा
शेजारची विचारायची, फ्रिज बिघडलाय का तुझा?

तिसऱ्या गुरुवारी हिल्लेबाई म्हणाल्या,
हा शेवटचा सूर बावीस मात्रांचा आहे, कुणाच्याच छातीत मावणार नाही.
म्हणून चोरून श्वास घ्या.
पण शेजारीण घेईल तेव्हा नाही. तिचा झाला की मग.
आम्ही करून पाहिलं. प्रत्येक जण मधेच गप्प झाला
आणि सूर काही थांबला नाही.
ओयारनं मोजणं सोडून वर पाहिलं.

डिसेंबरातला कार्यक्रम शनिवारी, साडेसातला.
काळा पोशाख इस्त्री करून दाराला टांगलेला.
चार वाजता फोन :
वीस किलोमीटरवर मुस्तिक नावाची गाय अडली आहे, वासरू उलटं,
आणि यादीत आज तुझं नाव.

साडेसातला मी खांद्यापर्यंत गाईत होते.
कळ आली की हात दाबला जायचा, बधिर व्हायचा,
कळांच्या मधे करण्यासारखं काही नव्हतं.
म्हणून मी माझे पाच सूर म्हटले.
विरामसुद्धा प्रामाणिकपणे पाळले,
आठ मात्रा सोप्रानोंना, चार ओयारला,
मग पुन्हा मी, तोच सूर, तोच, तोच.
मुस्तिकनं एक कान वळवला.

मालकीण लेइदा कंदील धरून उभी होती.
हे कसलं गाणं गं? याला चाल नाही का?
चाल दुसऱ्यांकडे आहे, मी म्हटलं.
तिला ते पटल्यासारखं दिसलं.

पण शेवटचा सूर इथे तुटायचा.
मी श्वास घेतला की गोठ्यात नुसती
साखळीची किणकिण, बाहेर बर्फावरून जाणारं एखादं वाहन.
दोनदा तुटला. तिसऱ्यांदाही.

लेइदा गरम पाण्याला गेली.
बादली घेऊन परतताना काहीतरी गुणगुणत होती.
अंगणातून, मग दारातून, जवळ येत गेलं.
माझेच पाच सूर. चढे, कायद्याच्या पोरासारखे.
मी दुरुस्त केलं नाही.
आता दोघी होतो,
मला मधेच श्वास घेता येणार होता.